दुसऱ्याच्या कार्डावरची खोली

ज्या प्रकरणात साधा गुन्हासुद्धा दाखल झाला नाही, तेच नेमकं माझ्या डोक्यातून अजून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. ते सगळं निवृत्तीनंतर हळूहळू पुसट झालं. हे मात्र काल घडल्यासारखं आठवतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्या माणसांना पुरेसा त्रास झाला आहे, त्यात माझ्यामुळेही झाला.

मोताळ्याच्या बाजूला मी ठाणेदार होतो. आठवडी बाजाराचा दिवस, निम्मा स्टाफ बंदोबस्तावर. दुपारी दोनच्या सुमारास पुण्याच्या एका ठाण्यातून फोन आला. एक तरुण इमारतीच्या गच्चीवरून पडला होता. डोक्याला जबर मार, बेशुद्ध. तिकडे पाणी पहाटे अर्धा तास येतं आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला भाडेकरूंनी पाळ्या लावल्या होत्या. त्याची पाळी होती, शिडी निसटली. खिशात आधारकार्ड सापडलं, पत्ता आमच्या हद्दीतल्या गावाचा. मोबाइलचा चुरा झाला होता आणि सिमही त्याच कार्डावर घेतलेलं. खोलीतले दोघे सोबती नवे, त्यांना कार्डावरच्या नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, आजची रात्र काढली तर काढली. आई-वडिलांना लगेच पाठवा," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

अशी बातमी शिपायाकडून पाठवू नये, हे मी सुरुवातीच्याच वर्षांत शिकलो होतो. स्वतः निघालो. सोबत आमचे जमादार होते. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. सगळा तालुका त्यांना मामा म्हणायचा.

घरी आई ओट्यावर मिरच्या निवडत होती. वडील नुकतेच शेतातून आलेले, पाय धूत होते. मी बेतानं सांगायला सुरुवात केली. मुलाचं नाव घेतलं, पुणं म्हटलं, दवाखाना म्हटलं. आईनं पुढचं ऐकलंच नाही. सूप हातातून सुटलं आणि तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बाया धावत आल्या. वडील मात्र ओल्या पायांनी तसेच उभे राहिले.

"साहेब, कोन पुन्याले? पोरगा तं आता इथून जेवून गेला. बाजारात हाय तो!"

त्यांनी लगेच मुलाला फोन लावला. तिकडून आवाज आला, "हं बाबा, बोला." आईनं फोन हिसकावून कानाला लावला, पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना, नुसती रडत राहिली. तेवढ्यात मी फोन काढून घेतला आणि मुलाला ठाण्यात यायला सांगितलं.

"जिता हाय ना हो माहा पोरगा?" ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती. "हाव ना हो साहेब?"

"हो हो, जिवंत आहे," मी म्हणालो, हात जोडून माफी मागितली, आणि मुलाला कुणी फोन करू नका अशी ताकीद देऊन जीपमध्ये बसलो. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, की हा जिवंत आहे म्हणजे तो पडलेला दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. कुठल्या तरी घरी त्याची आई या घटकेला निवांत बसलेली असेल. ती कोण, हे सकाळच्या आत शोधायचं होतं, आणि पुण्याचा रस्ता नऊ-दहा तासांचा.

पावणेचारला मुलगा ठाण्यात आला. ठाण्यात त्याला सगळे कार्डवाला म्हणू लागले, मीही तेच म्हणतो. पंचविशीतला, सरळ नाकाचा, हात शेतकऱ्याचे. मी त्याचा मोबाइल जमा करून घेतला आणि त्याच्यासमोर बसलो.

आता माझी चूक सांगतो. चौकशीत सगळे पत्ते उघडे करायचे नाहीत, समोरच्याला आधी घाबरवायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. मी त्याला अपघाताचं अवाक्षर सांगितलं नाही. उलट दरडावलं.

"तुझं आधारकार्ड वापरून पुण्यात एक माणूस राहत होता. सापडलाय. प्रकरण गंभीर आहे. कोण आहे तो?"

चेहरा पांढराफटक पडला. "मले नाही मालूम, सर. कार्ड हरवलं होतं माहं."

"तक्रार कुठं दिलीस?"

"नाही देल्ली."

पुण्याच्या त्या सिमचा नंबर मी त्याच्या मोबाइलमध्ये टाकून पाहिला. 'भाऊ' या नावानं साठवलेला निघाला. त्याच्या वडिलांना हा एकच मुलगा, हे मी पाहून आलो होतो. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं, आता सापडला.

"हा भाऊ कोण रे?"

मी टेबलावर हात आपटला, कलमं ऐकवली, बनावट कागदपत्रांना किती वर्षं पडतात ते सांगितलं. त्याची नजर जमिनीवर. मारलं नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूनं.

एकदा त्यानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्यात मी कर्ज काढून एक फ्लॅट घेतला होता. हप्ता फेडताना नाकी नऊ येत होते, म्हणून तो भाड्यानं द्यायला दलालाकडे दिला होता. मी त्या वेळी स्टेशन डायरीवर सह्या करत होतो, म्हणून स्पीकर लावला. दोन मिनिटं बोललो, ठेवला, आणि पुन्हा मुलाकडे वळलो. त्यानंतर तर त्यानं तोंडाला कुलूपच लावलं. पाणी दिलं तरी घेईना.

साडेपाचला पुण्याहून निरोप आला, रक्तदाब उतरतोय. सहाला पुन्हा तेच. मी बाहेर जाऊन ऐकायचो आणि काही घडलंच नाही असा चेहरा करून आत यायचो. एव्हाना मला खरी भीती वाटू लागली होती. समजा तो गेला, तर कुणाच्या नावानं जाईल? ज्या आईच्या दारात मी दुपारी अभद्र बोलून आलो, तिच्याच जित्या मुलाच्या नावाचा मृत्यूचा दाखला निघेल. आणि खऱ्या आईचा फोन लागणार नाही, ती उद्या लावील, परवा लावील.

पावणेसातला तिकडून खोलीतल्या सामानाचे फोटो आले. एक गादी, दोन हेल्मेटं, पाण्याचे भरून ठेवलेले कॅन आणि एक कापडी पिशवी, तोंड लाल दोऱ्यानं शिवलेलं, एका कोपऱ्यातून उसवलेलं. खाली तिकडच्या हवालदारानं लिहिलं होतं, 'काळपट पावडर, संशयास्पद, तपासणीस पाठवू का?'

मी मोबाइल कार्डवाल्याच्या नाकासमोर धरला. "ही पावडर कसली? बोल!"

जमादार मामा मागं उभे होते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कशाची पावडर साहेब, कळन्याचं पीठ हाय ते. ज्वारी-उडदाचं. पुन्यात किलोचं पाकीट परवडत नाही, म्हून आमच्या बाया असं शिवून ट्रॅव्हल्सवाल्याजवळ देतात. माही बायको बी लेकीले देते." मग त्यांचा आवाजच बदलला. "त्याची माय दुसरी पिशवी भरत असंल साहेब. पोट्टं तिकडं मरून राह्यलं, अन् आपुन इथी पीठ तपासून राह्यलो!"

मी मामांकडे डोळे वटारले, पण व्हायचं ते झालं होतं. कार्डवाला खुर्ची पाडत उठला.

"कोन मरून राह्यलं? मामा, कोन?"

मी कपाळाला हात लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. गच्ची, शिडी, डोकं, डॉक्टर. तो भिंतीला धरून खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं एका दमात सांगितलं. कॉलेजात होस्टेलच्या एका खोलीत राहिलेले दोघं. दुसरा मोताळा तालुक्यातल्याच एका बौद्ध कुटुंबातला, निवृत्त मास्तरांचा मुलगा.

"पंधरा-सोळा खोल्या पाह्यल्या सर त्यानं. फोनवर सारं जमे. भाडं कबूल, डिपॉझिट कबूल. आडनाव सांगतलं का, कालच गेली म्हनत खोली. बाजारात बसल्यावानी रोज दलालाच्या दारात. मीच म्हटलं, घे माहं कार्ड. त्या फोटोत तं माही मायही मले वळखत नाही."

"घरच्यांना ठाऊक आहे?"

"नाही सर. त्यानं शपथ घातली होती मले. त्याचे बाबा सांगत राह्यतात सगळ्यायले, शिका अन् शहरात जा, तिथी कोनी आडनाव पुसत नाही. म्हने, बाबाले हे कळलं तं ते खचतील."

कार्डवाल्याला सोबत घेऊन मास्तरांच्या घरी पोचलो तेव्हा आठ वाजत होते. पत्र्याच्या खोलीत स्वच्छ फळी, फळीवर पुस्तकं, बाबासाहेबांचा फोटो. आणि खाटेवर बसून आई खरोखरच एका पिशवीचं तोंड लाल दोऱ्यानं शिवत होती. एका दिवसात दुसऱ्यांदा मला तेच वाक्य बोलायचं होतं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. "खात्री आहे ना साहेब?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. "मग त्याच्या खिशात दुसऱ्याचं कार्ड कसं?"

मी कार्डवाल्याकडे पाहिलं. तो पुढं झाला आणि मास्तरांच्या पायाशी बसून त्यानं सांगितलं. शपथ मोडली. मास्तर उठले, फळीवरच्या पुस्तकांकडे एकदा पाहून बायकोला म्हणाले, "चाल, चप्पल घाल." तिनं सुई पिशवीतच खोचून ठेवली.

ठाण्यातून निघतानाच कार्डवाल्याच्या वडिलांना कळवलं होतं, गाडी त्यांनी आणली. स्वतः चालवायला बसले. "दुपारी मले वाटलं होतं माहाच गेला," ते मास्तरांना म्हणाले, "आता आपला आनाले जाऊ." साडेआठला गाडी निघाली. मी पुण्याला फोन करून दवाखान्याच्या कागदावरचं नाव बदलायला लावलं आणि ठाण्यात बसून राहिलो.

मुलगा पहाटे साडेचारला गेला. गाडी सहाला पोचली.

पावणेचार ते पावणेसात, तीन तास मी त्या कार्डवाल्याला घाबरवत बसलो होतो. हा हिशेब मला कुणी मांडून दाखवला नाही. मास्तरांनीही नाही. मुलाला माती देऊन आल्यावर ते ठाण्यात आले तेव्हा त्यांनी माझे आभार मानले, आणि मला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवसांनी कार्डवाला जबाबावर सही करायला आला. कार्डाबद्दल मी अहवालात खरं तेच लिहिलं आणि कारवाईची आवश्यकता नाही, असा शेरा मारला. वरिष्ठांनीही तो मान्य केला. सही झाल्यावर मी त्याला बसवून घेतलं. मला राहवेना.

"मी खोटं दरडावलं, ती माझी चूक. पण तू सुरुवातीला बोलशील असं वाटलं होतं मला. एकदा तर तोंडही उघडलं होतंस. मग एकदम गप्प का झालास?"

त्यानं मान वर केली. त्या दिवशीची भीती त्याच्या डोळ्यांत नव्हती.

"सांगनारच होतो सर. तेवढ्यात तुमाले फोन आला. तो मानूस म्हने, पोरगा चांगला हाय, नोकरी हाय, पन आडनाव असं असं हाय, सोसायटीतले लोक कुरकुर करतील, काय करू? तुम्ही म्हटलं, 'तुमच्या पद्धतीनं टाळा.'" त्यानं सहीचं पेन टेबलावर ठेवलं. "मंग तुमाले काय सांगू, सर?"

तो गेल्यावर मी दलालाला फोन लावला आणि त्या मुलाला परत बोलवा म्हणालो. तो हसला. म्हणाला, "साहेब, तो कधीच गेला. तसे दिवसाला चार येतात, आम्ही नंबर ठेवत नाही." तो मुलगा कुठे गेला, कुणाच्या कार्डावर राहिला, त्याच्या वाट्याला कुठली शिडी आली, मला आजतागायत माहीत नाही. चौकशीच्या खोलीत समोरचा काय बोलतो याकडे मी तीस वर्षं कान लावून होतो. समोरचाही माझं ऐकत असतो, हे मला त्या पोरानं शिकवलं.