डाव्या कोपऱ्यातला डाग

किल्लीवाल्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही, असं त्यांची बायको म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. त्यांचा उभा जन्म लोकांची कुलपं उघडण्यात गेला होता. भक्कम म्हणून मिरवणारं कुलूप एका वाकड्या तारेपुढे कशी मान टाकतं, हे रोज बघणाऱ्या माणसाचा भरवसा बसायचा तरी कशावर? घराबाहेर पडताना ते दार ओढून बघत, हलवून बघत आणि जिना उतरल्यावर परत वर येऊन पुन्हा हलवत.

अशा माणसाला उतारवयात कॅमेरा हवासा वाटला. कारण साधं होतं. आसपासच्या घरांची जुनी दारं बदलत चालली होती. पितळी कड्या आणि जाडजूड कुलपं जाऊन तिथे आकड्यांची बटणं येत होती. स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं एक कुलूप भंगारवाल्याच्या टोपलीत दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं, वस्तू राहत नाही तर निदान फोटो तरी राहावा.

"बाबा, त्यापेक्षा चांगला फोन घ्या," मुलगा म्हणाला.

"त्यातले फोटो जातात कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"परवा तूच म्हणालास, फोन हरवला तरी फोटो हरवत नाहीत, वर साठतात. वर म्हणजे कोणाकडे?"

मुलगा समजवायला लागणार, तेवढ्यात बायकोने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. तिला त्या वाटेचा शेवट ठाऊक होता.

मग किल्लीवाले दुकानं धुंडाळायला निघाले. त्यांना हवा होता खिशात मावणारा, बेताच्या किमतीचा छोटा डिजिटल कॅमेरा, इंटरनेटशी काही नातं नसलेला. मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत दुकानात विक्रेतीने मेगापिक्सेलचे आकडे धडाधडा म्हणून दाखवले. किल्लीवाल्यांनी एकच विचारलं, "झूम करताना भिंग पुढे सरकतं, की चित्रच नुसतं फुगवून दाखवतो?" ती क्षणभर अडखळली आणि म्हणाली, "दोन्ही एकच असतं, काका." किल्लीवाले नमस्कार करून बाहेर पडले.

दुसरं दुकान गल्लीत होतं. पासपोर्टचे फोटो काढणारा एक फोटोवाला काचेच्या कपाटात थोडे छोटे कॅमेरेही विकायला ठेवी. किल्लीवाल्यांनी कशाचे फोटो काढायचे ते सांगून त्यातल्या महागड्यावर बोट ठेवलं.

"तो नका घेऊ," फोटोवाला म्हणाला. "तुम्हाला कड्या-कुलपांचे फोटो काढायचेत ना? हा खालचा घ्या. जवळून चांगला काढतो, भिंग खरंच पुढे येतं आणि बॅटरीही कुठेही मिळेल."

किल्लीवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाईक महाग माल मागतंय आणि दुकानदार स्वस्त गळ्यात मारतोय? पाणी कुठेतरी मुरत होतं. त्यांनी खोक्याचं सील उलटसुलट करून पाहिलं, भिंगावर फुंकर मारली, कॅमेरा कानाशी धरून हलवला.

फोटोवाला शांतपणे म्हणाला, "घरी न्या. वापरा. पटला तर पैसे द्या."

आता तर त्यांची खात्रीच पटली. फुकट कोणी काही देत नाही. तरी कॅमेरा त्यांनी नेला, पण घरी पोचल्यावर त्याच्या बुडाशी पेन्सिलीने बारीक ठिपका काढून ठेवला. उद्या हा माणूस कॅमेरा बदलून कांगावा करेल, तर पुरावा असावा.

पुढचे काही दिवस ते दारोदार हिंडले. रोज परत आले की छोट्या पडद्यावर फोटो मोठा करून बघत. कुलपं सुरेख आली होती. कडीवरचे ओरखडेसुद्धा दिसत होते. पण जवळपास प्रत्येक फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी, धूसर डाग होता. त्यांनी भिंग पुसलं. डाग तसाच. बायकोने खांद्यावरून वाकून पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि चहा टाकायला निघून गेली.

"बघ," ते तिच्या पाठीला म्हणाले, "म्हणूनच गळ्यात मारत होता. माल सदोष आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा फोटोवाल्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने फोटो पाहिले, मग कॅमेरा उचलून भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढला. स्वच्छ. किल्लीवाल्यांनी कॅमेरा उलटा करून ठिपका पाहिला. ठिपका जागच्या जागी होता.

"आता तुम्ही काढा," फोटोवाला म्हणाला. किल्लीवाल्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. फोटोवाल्याने त्यांच्या डाव्या हाताचं बोट हलकेच उचलून मागे घेतलं. "हे भिंगाच्या आड येतंय. बाकी काही नाही."

तो हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण तो हसला नाही. किल्लीवाले आपल्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी इतके दिवस मनात कुरतडणारी गोष्ट विचारलीच. "पैसे न घेता कॅमेरा कसा दिलात? मी परत आलोच नसतो तर?"

"या दुकानाच्या शटरची किल्ली कोणी बनवली?"

"मी."

"मनात आणलं असतं तर तुम्ही आख्खं दुकान नेलं असतं. मी रोज घरी जाऊन निवांत झोपतो. मग एका कॅमेऱ्याची काय कथा?"

किल्लीवाल्यांनी खिशातून पाकीट काढलं. त्यांनी पैसे दिले. घरी जाताना वाटेत दारं दिसत होती, आणि त्यातल्या कितीतरी दारांच्या किल्ल्या त्यांच्याच कानशीखालून गेलेल्या होत्या. आजवर एकाही घराने त्यांना खिसे दाखवायला सांगितलं नव्हतं. हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं, याने त्यांना अवघडल्यासारखं झालं.

घरी त्यांनी बायकोला बोटाची हकीकत सांगितली.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्हाला पटलं असतं? उलट विचारलं असतंत, त्या फोटोवाल्याने तुझ्याशी काय ठरवलंय म्हणून."

ती रागाने बोलली नव्हती, भाजी चिरता चिरता बोलली होती. तेच त्यांना लागलं. अशा किती गोष्टी ती तोंडाशी आणून गिळून बसली असेल, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. थोड्या वेळाने त्यांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला. "तू काढ माझा एक."

तिने हात पुसले, बोटं नीट मागे घेतली आणि बटण दाबलं. फोटो आला. कपाळाला आठ्या, डोळे बारीक, जणू समोरचा माणूस वजनात मारतोय.

"मी कायम असाच दिसतो?"

"लग्नातल्या फोटोतही," ती म्हणाली, आणि कपाटातून अल्बम काढायला उठली.