मणीभाऊंची पोची

मणीभाऊंचे पंजे एवढे रुंद होते की चहाचा कप त्यांच्या मुठीत गेला की दिसेनासा व्हायचा. दिवसभर या हातांत लोखंडी तारेचे दोर असायचे. भिलाईच्या कारखान्याची उभारणी चालली होती आणि मणीभाऊ तिथे खलाशी होते. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. क्रेनला आणि कप्प्यांना दोर बांधून अवजड लोखंड वर चढवणारा कामगार. ड्यूटी संपली, आंघोळ झाली, की हेच हात साबुदाण्याएवढे काचमणी ओवायला बसायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. भाऊंनी मान वर न करता म्हटलं, "हासा वहिनी, हासा. आमच्या ग्यांगमंदी तं सगळेच हासतात."

आमचे हे कारखान्यात इलेक्ट्रिशियन. लग्नानंतर काही वर्षांनी, आमची शोभा चालायला लागल्यावर, मी वर्ध्याहून इथे आले. क्वार्टर नवं होतं, अंगणात नुसता मुरूम, झाड म्हणून नाही, आणि शेजारी एक बंगाली, एक तेलुगू, एक पंजाबी. दिवसभर कुणाशी दोन शब्द बोलायचे म्हटले तरी हातवारे करावे लागत. अशात सुट्टीच्या दिवशी मणीभाऊ यायचे, दारातूनच जयभीम घालायचे आणि ओट्यावर मांडी ठोकायचे. ते भंडाऱ्याकडचे. परमुलखात एवढं नातं पुष्कळ झालं. त्यांचं खरं नाव हजेरीवर असेल तेवढंच. बाकी सगळे त्यांना मणीभाऊच म्हणत.

ते करायचे ती पोची. मनगटात घालायची, मण्यांची. हल्लीच्या पोरी ब्रेसलेट म्हणतात. दुर्गच्या आठवडी बाजारात उत्तरेकडचा एक म्हातारा मणीवाला बसायचा. घरी ज्योतीवर काच वितळवून तो एकेक मणी हाताने करायचा, त्यामुळे एकासारखा दुसरा नसायचा. एखाद्यात पांढरी रेघ गरगर फिरलेली, एखाद्यात हवेचा बुडबुडा अडकलेला. भाऊ त्याच्यासमोर उकिडवे बसून सगळी ताटली उलथीपालथी करायचे आणि त्यातून एकच मोठा मणी उचलायचे. "हा नवरदेव," म्हणायचे. "आता याच्या तोलाचं वऱ्हाड पायजे."

वऱ्हाड मात्र लगेच जमत नसे. तो एक मणी कितीतरी दिवस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. उन्हात धरून पाहायचे, आमच्या विजेच्या दिव्याखाली पाहायचे, शोभाच्या तळहातावर ठेवून पाहायचे. मग एके दिवशी बारके मणी आणायचे आणि त्या एकाच्या दोन्ही अंगांना मांडून बघायचे. निळ्याशेजारी पिवळा चालत नाही, मध्ये पांढरा घातला तर चालतो, असं काहीबाही स्वतःशीच बोलायचे. मेणावरून ओढलेल्या दोऱ्यात, मण्यामण्यामध्ये गाठ मारत ते ओवत जायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, शेवटी सरकगाठ मारा ना. लहानमोठ्या कुठल्याही हाताला येईल." त्यांना ते अजिबात पटलं नाही. "सरकगाठीवर खलाशाचा भरोसा नसते, वहिनी. ज्याच्या मापाची, त्याच्याच हाताले बसली पायजे."

माप मात्र ते आमच्या शोभाचं घ्यायचे. दोऱ्याचा तुकडा तिच्या मनगटाभोवती गुंडाळायचे आणि नखाने खूण करायचे. पोची शोभासाठी नसायची. ती कुसुमसाठी, म्हणजे भाऊंच्या मुलीसाठी असायची. कुसुम आणि शोभा एकाच वयाच्या. कुसुमच्या बाळंतपणातच भाऊंची बायको गेली, तेव्हा ते रोजगाराच्या शोधात गावोगाव फिरत होते. तान्ही पोर सासूने भंडाऱ्याजवळच्या आपल्या गावी नेली. पुढे भाऊ भिलाईला लागले तेव्हा सासूने सांगितलं, "डोक्यावर छप्पर होऊ दे, मंग घेऊन जाय पोरीले." भाऊ राहायचे तंबूत. क्वार्टर मागायला गेले की विचारणा व्हायची, कुटुंब इथे आहे का? नाही, तर क्वार्टर नाही. आणि क्वार्टर नाही, तर कुटुंब आणायचं कुठे? पोचीचं माप मोठं होत गेलं तरी भाऊ तंबूतच. गावाकडे जाणारं कुणी भेटलं की त्याच्याबरोबर पोची पाठवायचे. ती पोचली का, तिला आवडली का, हे त्यांना कधी नीटसं कळलं नाही.

ती पोची कुणी विकत मागितली तर ते देत नसत. फक्त एकदा वेगळं झालं. सेक्टरच्या बाजारात, कारखान्याच्या उभारणीसाठी आलेल्या एका रशियन इंजिनियरच्या बायकोने भाऊंच्या हातातली अर्धवट ओवलेली पोची पाहिली आणि तिथेच थबकली. तिला आपली भाषा येईना, यांना तिची. भाऊ मान हलवून नाही म्हणत राहिले. मग त्या बाईने पर्समधून एक फोटो काढला. दोन वेण्या घातलेली दहाबारा वर्षांची मुलगी. बाईने बोट लांब आकाशाकडे दाखवलं, मग पुस्तक उघडल्यासारखे हात केले. मुलगी शाळेसाठी तिकडेच राहिली होती. भाऊंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या मनगटाभोवती दोन बोटं फिरवून विचारलं, केवढी? बाईनेही बोटांचं कडं करून दाखवलं, मग ते जरा सैल केलं, परत आवळलं आणि शेवटी खांदे उडवले. तिलाही माहीत नव्हतं. पुढच्या सुट्टीला भाऊंनी तिला गर्द लाल मण्याची पोची नेऊन दिली. परत आल्यावर मला म्हणाले, "तिचंबी माझ्यावानीच आहे, वहिनी. अंदाजानं."

शेवटी क्वार्टरची वाट पाहणं सोडून भाऊंनी जवळच्याच रुआबांधा गावात एका छत्तीसगढी म्हातारीची कौलारू खोली भाड्याने घेतली. खोली त्यांनी स्वतः पांढऱ्या मातीने पोतारली. एक लहान बाज विणून घेतली. आढ्याला झोपाळा टांगला, त्याच्या गाठी तर हत्ती बसला तरी सुटल्या नसत्या. मला नेऊन सगळं दाखवलं आणि विचारलं, "लेकराले अजून काय लागते, वहिनी?" मी म्हटलं, आरसा. दुसऱ्या दिवशी आरसा आला आणि तो शोभाच्या उंचीला टांगला गेला.

मग भाऊ जाऊन कुसुमला घेऊन आले. सात वर्षांची पोर, काडीसारखी बारीक. आमची शोभा गुटगुटीत. आतापर्यंतच्या सगळ्या पोच्या शोभाच्या मापाच्या. कुसुमच्या हातात होती ती थेट कोपरापर्यंत सरकायची. भाऊंनी ते पाहिलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी तिच्या हातातली पोची हळूच काढली, उसवली आणि दोन्हीकडचे मणी कमी करत पुन्हा ओवायला घेतली. इतका वेळ दाराला चिकटून उभी असलेली कुसुम हळूहळू जवळ सरकली. भाऊंनी तिच्यापुढे मण्यांची वाटी केली. तिने बोट घालून एक हिरवा मणी काढला, भाऊंच्या तळहातावर ठेवला. भाऊंनी तो ओवला. तिने दुसरा काढला. असं बराच वेळ चाललं. त्या दोघांमध्ये एक शब्द झाला नाही, पण मला वाटलं, झालं, जमलं आता.

जमलं नव्हतं. भाऊ ड्यूटीवर गेले की कुसुम माझ्याकडे असायची. शोभा तिला खेळायला ओढायची, ती जायची, पण जरा वेळाने पाहावं तर रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसलेली. दिवेलागण झाली की रडायला लागायची. आदळआपट नाही, हट्ट नाही. नुसतं "आजी, आजी" करत मुसमुसायची. भाऊ जवळ गेले की आणखी अंग चोरायची. मामाच्या मुलांबरोबर वाढलेली, तीही मामालाच बाबा म्हणायची. मग या माणसाला काय म्हणायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती त्यांना कशानेच हाक मारत नसे. खोलीची मालकीण म्हातारी "नोनी, ओ नोनी", म्हणजे पोरी, ओ पोरी, करत तिला चिंचा द्यायची, कोंबडीची पिल्लं दाखवायची. पिल्लं हातात घेऊनही पोर रडायची.

पंधरवडा झाला असेल. भाऊ सकाळीच आमच्याकडे आले. उभ्यानेच म्हणाले, "तिले पोचवून येतो."

"काय घाई आहे?" मी म्हटलं. "थोडे दिवस जाऊ द्या. रुळेल की."

"रुळंल ना, वहिनी. कोनीबी रुळते." ते ओट्यावर बसले. "मी लहान होतो, माय मेली. मले गोंदियाले काकाच्या घरी ठेवलं. मीबी रडलो, मंग रुळलो. सगळे म्हनत, पोट्टं चांगलं रुळलं. म्या रडनं बंद केलं होतं, दुसरं काही नाही. आतलं कोनाले दिसते? आजपावतर कोनाले नाही दिसलं."

"अहो, पण तुम्ही तिचे वडील आहात."

"म्हूनच तं नेऊन राहिलो."

आमचे हेही समजवायला बसले. बाप म्हणून हक्क आहे, कायदा आहे, असं बोलू लागले. भाऊ ऐकत राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "तिची आजीच तिची माय आहे. एकदा माय गेली तिची. मी दुसऱ्यांदा कशी काढू?"

त्या दिवशी दुपारच्या गाडीने ते तिला घेऊन गेले. गावी जायचं कळल्यावर कुसुम पहिल्यांदाच हसली. बापाचं बोट तिने आपणहून धरलं आणि पुढे ओढत चालू लागली. भाऊंना तिच्यामागे जाताना मी पाहिलं. पोर कुठे घेऊन चालली आहे हे ठाऊक असूनही त्या ओढण्याचं सुख त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला ते बघवलं नाही, मी आत गेले.

भाऊंनी रुआबांध्याची खोली सोडली नाही. झोपाळाही काढला नाही. म्हातारीची नातवंडं त्यावर खेळायची. वर्षातून एकदा ते भंडाऱ्याला जायचे. पाहुण्यासारखे बाजेवर बसायचे, कुसुम चहा आणून ठेवायची, ते तिच्या हाताकडे बघून घ्यायचे आणि परत यायचे. पोची करणं चालूच होतं. माप घ्यायला मात्र त्यांनी शोभाला पुन्हा बोलावलं नाही. शोभा आपण होऊन हात पुढे करायची तेव्हा तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "तुह्यासाठी वेगळी करतो." आणि करायचेही. आमच्याकडे त्या अजून आहेत.

कारखाना उभा राहिला तशी खलाशांची कामं कमी झाली. बोकारोला नवा कारखाना होणार होता, तिकडे माणसं चालली होती. भाऊंनीही नाव दिलं. दुर्गच्या स्टेशनावर आम्ही पोचवायला गेलो. एका फलाटावरून गाड्या नागपूरकडे जातात, भंडाऱ्याच्या वाटेने. भाऊंची गाडी उलट्या दिशेला होती. शोभाने विचारलं, "काका, परत कधी येसान?" ते म्हणाले, "उभारलं की येतो." गाडी सुटली तेव्हा दारात उभे राहिले होते, एका हाताने दांडा धरून, आणि हात हलवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

ते परत आले नाहीत. तिकडून आलेल्या एकाने ह्यांना कारखान्याच्या फाटकाशी सांगितलं, मणीभाऊ तापाने गेले. थोडेच दिवस आजारी होते. जवळचं कुणी नव्हतं. बरोबरच्या खलाशांनीच सगळं केलं.

त्यानंतर काही वर्षांनी एके दुपारी एक तरुण बाई मूल कडेवर घेऊन आमच्या दारात उभी राहिली. काडीसारखी बारीक. "मी कुसुम," म्हणाली. "माह्या मालकाची रेल्वेत इकडं बदली झाली. लहानपनी मी तुमच्या घरी रायली होती म्हने. मामानं सांगतलं."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं, चहा केला. मूल जमिनीवर रांगायला लागलं. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत होती, मग कप खाली ठेवून एकदम म्हणाली, "मावशी, त्याईनं मले कावून परत नेऊन सोडलं? मी लय रडत होती, म्हून कटाळले का?"

एवढी वर्षं ती हे मनात धरून होती. मी तिला सगळं सांगितलं. तंबूचं, खोलीचं, तिच्यासाठी टांगलेल्या आरशाचं, गोंदियाच्या काकाचं. त्या सकाळी ओट्यावर बसून ते काय बोलले, तेही सांगितलं. ती रडली नाही. ऐकून झाल्यावर बारीकसारीक विचारत बसली. चहात साखर किती घ्यायचे? चालताना कसे चालायचे? भाजी कुठली आवडायची? मला येत होतं तेवढं सांगितलं. कितीतरी गोष्टी मला माहीत नव्हत्या.

"आन् आवाज कसा होता?" तिने विचारलं. "मले आठवतच नाही. गावाले येत तवा बोलतच नसत."

मी म्हटलं, "घोगरा होता. क्रेनवाल्याला ओरडून ओरडून बसलेला. पण घरात बोलताना खाली यायचा."

"माहं नाव कसं घेत?"

मी आवाज खाली आणला, जरा घोगरा केला, आणि मधलं अक्षर लांबवत ते म्हणायचे तसं म्हटलं, "कुसूऽम."

तिने डोळे मिटून घेतले. मूल तिच्या पदराला धरून उभं राहू पाहत होतं.

"अजून एकदा म्हना," ती म्हणाली.