दोन्ही कानांवरचं निळं

बाहेरून आलेलं कुठलंही लोखंड काका आधी टेबलावर ठेवायचे, त्यावर मऊ फडका टाकायचे आणि म्हणायचे, "उन्हातनं आलंय. आधी बसू दे."

बहरीनच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतून काढलेली बंदुकीची नळी केसभर फुगलेली असते. एसीच्या खोलीतलं गेज लावून ती तशीच मोजली की माप हमखास खोटं येतं. हे झालं शास्त्र. पण काकांच्या तोंडून ऐकताना वाटायचं, गावाहून पाहुणा आलाय आणि त्याला अजून कुणी पाणी विचारलेलं नाही. माणसांनाही तोच नियम होता. कुणी तावातावाने आत शिरलं की ते स्टूल पुढे सरकवायचे, "आधी बस."

काका मूळचे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले लेथवाले. आठवडाभर इथल्या सित्रा बेटावरच्या एका कारखान्यात पंपांचे दांडे कातायचे आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने आमच्या रायफल क्लबच्या रायफली दुरुस्त करायचे. मी पुण्याची, बँकेतली. नेमबाजी हा माझा एकुलता एक हट्ट. तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. बोलणं कमी, नखांत तेल, आणि आपण शहाणपणा शिकवायला गेलो की नुसतं चष्म्यावरून बघणार.

त्या वर्षी क्लबने एक नवी जाडजूड नळी मागवली आणि ती जुन्याच ॲक्शनवर बसवायचं ठरवलं. ॲक्शन म्हणजे रायफलचा मधला सांगाडा. त्यात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि नळी पुढून आट्यांवर घट्ट बसते. सामना दोन दिवसांवर आला होता. क्लबचे कॅप्टन दारात "यल्ला, यल्ला" म्हणत घाई लावत उभे. काकांनी रायफल जोडून दिली, ती माझ्या वाट्याला आली आणि माझी साडेसाती सुरू झाली. तीन गोळ्या नीट, चौथी भलतीकडे. पुन्हा दोन नीट, तिसरी भलतीकडे.

सगळ्यांचं बोट माझ्या हाताकडे. कुणी म्हणे चहा सोड, कुणी म्हणे योगासनं कर. लेक म्हणाली, "आई, मे बी यू आर जस्ट टायर्ड." दोन महिन्यांत माझी अशी अवस्था झाली की बँकेत सही करतानाही मी हाताकडे बघत बसायचे. शेवटी कॅप्टन, इथलेच बहरीनी आणि अगदी सभ्य गृहस्थ, म्हणाले, "सिस्टर, इस साल रेस्ट लो. नेक्स्ट इयर टीम में, इंशाल्ला." त्या इंशाल्लाचा अर्थ 'आता विसरा', हे आखातात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मी निशाणाचे कागद घेऊन वर्कशॉपमध्ये गेले आणि चक्क रडले. स्टूल पुढे आलं. "आधी बस."

काकांनी कागद एकेक करून मांडले. बराच वेळ बघत राहिले. "हात चुकला तर चारी बाजूंना चुकंल. ह्ये दर वक्ताला एकाच अंगाला चुकलंय."

मग त्यांनी रायफल उघडली. बोल्टच्या टोकाला दोन कान असतात. गोळी सुटली की सगळा धक्का ते दोघं ॲक्शनच्या आतल्या खाचांना टेकून सोसतात. काकांनी दोन्ही कानांमागे निळा रंग लावला, बोल्ट चारदा बंद-उघड केला आणि बाहेर काढला. एका कानावरचं निळं घासून गेलं होतं. दुसऱ्याचं जसंच्या तसं.

"एकच कान टेकतोय. त्यात ही ॲक्शन पातळ, एवढ्या जड नळीखाली वाकतीया बिचारी." मग बोल्ट टेबलावर ठेवत म्हणाले, "त्या दिवशी मी निळं लावून बघितलंच न्हाई गं. घाई केली."

खोलीत आम्ही दोघंच होतो. बोल्ट पुसून ठेवला असता तर कुणाला कळलं असतं? आणि बंदुकीच्या कामात चूक कबूल करणाऱ्याच्या हातात पुन्हा बंदूक देत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी काका तसेच तेलकट हातांनी कॅप्टनसमोर जाऊन उभे राहिले.

"सिस्टर का हाथ ठीक है. गलती मेरे हाथ का है."

कॅप्टनने बोल्ट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग ते म्हणाले, "नया ॲक्शन मँगाओ. पसंद भी तुम करो, फिटिंग भी तुम."

कॅटलॉगमध्ये मी एका चकचकीत, शेलाट्या ॲक्शनवर बोट ठेवलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "भार खांद्यावर द्यायचाय तर खांदा बघ. तोंड काय बघतीस?" त्यांनी निवडली ती ठोकळ्यासारखी होती. जाड भिंतींची, एकेक गोळी भरायची, पोटाला मॅगझिनची खिडकी नसलेली. "पोट कापलं की कंबर वाकती."

पार्सल आलं आणि फडक्याखाली गेलं. कॅप्टन तीनदा डोकावून गेले, तिन्ही वेळा काकांचं उत्तर एकच, "बुकरा." म्हणजे उद्या. नंतर दोन आठवडे निळं लावायचं, बघायचं, किंचित घासायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. दोन्ही कानांवरचं निळं सारखं गेलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

त्या रायफलच्या पहिल्या नऊ गोळ्या शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या असत्या. दहावी बाहेर गेली. मी घाबरून मागे वळले. काका दुर्बिणीला डोळा लावून बसले होते.

"हा शॉट मात्र तुजा."

मी हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी चूक माझी होती, आणि ती सुधारणं माझ्या हातात होतं. त्या वर्षी मी टीममध्ये राहिले. आजही आहे.

काका दोन वर्षांपूर्वी कायमचे कोल्हापूरला गेले. मी निशाणाचे फोटो पाठवायचे, त्यांचं उत्तर दोनच शब्दांचं, "शॉट तुजा" नाहीतर "वारा व्हता". गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले.

त्या शनिवारी मी रेंजवर गेले. रायफल कपाटातून काढली, टेबलावर ठेवली, वर फडका टाकला आणि शेजारी बसून राहिले. मग नेम धरला. नऊ आत, दहावी बाहेर. मागे कुणी नव्हतं.

"हा माझा, काका," मी मोठ्याने म्हणाले.