सरांना न आलेला ताप

सोळंके सर आठवीच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडत नसत. सगळ्यांना डाव्या बाह्या वर करायला लावून दंडावरचा बीसीजीच्या लशीचा वण बोटानं चाचपत. मंठ्याच्या शाळेत मी आधी त्यांचा विद्यार्थी, पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत परिचर. परीक्षानळी फुटली की आधी शिव्या देत, मग चहा पाजत.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांच्या मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी ती खरवडून काढली, आणि पुन्हा उगवू नये म्हणून दर आठवड्याला एकदा, असं सहा वेळा त्याच बीसीजी लशीतले जिवंत जंतू मूत्राशयात सोडायला सांगितलं. सरांना आजारापेक्षा या उपचाराचंच अप्रूप. मला म्हणाले, "गाठ घरचीच, म्हणून अंगातल्या राखणदार पेशी गप बसून राह्यल्यात. बाहेरचा जंतू आत गेला की लिंफोसाइट हाका मारतेत, मंग भक्षक पेशी उठून गाठीलाबी खातेत. ताप आला की समजायचं, उठल्या."

पहिल्या तिन्ही वेळा ताप आला. सर चादरीत कुडकुडत होते आणि खुशीत होते.

लस औरंगाबादहून थर्मासात बर्फ घालून मीच आणायचो. खेप वाचावी म्हणून उरलेल्या तिन्ही कुप्या एकदम घेतल्या. वाटूरला एसटी बंद पडली. मे महिना, दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार सरली. मंठ्यात उतरून झाकण काढलं तर बर्फाचं कोमट पाणी झालेलं. उष्णतेनं जंतू मरतात, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते पाणी गटारात ओतलं, रसवंतीवरून बर्फ घेऊन थर्मास भरला आणि गावातल्या दवाखान्यात नेऊन दिला. लस मोठ्या खटपटीनं मिळाली होती आणि बोलणी खायची भीती वाटली. कारण एवढंच.

चौथ्या वेळी सर थर्मामीटर काखेत धरून बसून राहिले. ताप आला नाही. पाचव्या, सहाव्या वेळीही नाही. त्यांनी विचारलं, "बर्फ बराबर होता ना रे?"

"होता सर," मी म्हणालो.

वर्षाच्या आत गाठ परतली आणि हाडांपर्यंत गेली. चांगली लसही कधीकधी हरते, असं पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. त्यानं माझी सुटका झाली नाही. मला माझी किळस येते.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा त्यांना कूसही बदलता येत नव्हती. माझा हात धरून म्हणाले, "तू लई धावपळ केली. लशीत काही खोट नव्हती. माझ्याच पेशी नालायक निघाल्या."

मी मान डोलावली.