सातवी विहीर

गहिनीनाथचा दिवस पहाटे चारला सुरू होई. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. भट्टीवरची शेवटची कढई उतरली, खवा पत्र्याच्या डब्यात भरला, डब्याला ओलं फडकं गुंडाळलं की निघायचं, एवढंच त्याला माहीत. सायकल भट्टीचे मालक राधाकृष्णशेठ यांची. पाय गहिनीनाथचे.

त्याची वाडी मिरजगावच्या अलीकडे. तिथून नगर पंचवीस मैल, जाऊन येऊन पन्नास. या सडकेवर सपाट भाग थोडा. माळ चढायचा, ओढ्यात उतरायचं, पुन्हा चढायचं. नगरपासून मोजलेल्या सतराव्या आणि बाविसाव्या मैलाचे चढ भरल्या सायकलीवर बसून कोणालाच जमत नसत. उतरून ढकलावं लागे. पन्नास मैलांतले पाच-सहा मैल तो चालतच असे. हे मी अंदाजाने लिहीत नाही. त्या सडकेवर मी मैलकुली होतो. खड्डे बुजवायचे, मुरूम पसरायचा, कडेची झुडपं तोडायची. चौदावा, पंधरावा आणि सोळावा मैल माझा. चौदाव्या मैलाच्या दगडाजवळ माझी चौकी, तिथे सरकारी विहीर. गहिनीनाथ सकाळी सहाच्या सुमाराला तिथे पाणी प्यायला थांबे.

"काय सरकार, सडक झाडली का?" असं रोज विचारी. मैलकुली म्हणजे सरकारी माणूस, म्हणून मी सरकार.

"झाडली. आता तुझी धूळ पडंल तेवढी बाकी हाय," मी म्हणे.

चव्वेचाळीस सालच्या वैशाखात तो एके दुपारी खव्याशिवाय आला. पुढच्या दांडीवर त्याची मुलगी छबू होती, सात वर्षांची. मनगटाला हळद-चुन्याचा लेप. पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, चार दिवसांपूर्वी.

आमच्याकडे कुत्रं चावलं की सात विहिरी दाखवायची रीत होती. माणसाला विहिरीवर ओणवं करून आत बघायला लावायचं. स्वतःचं तोंड दिसलं तर ठीक. कुत्रं दिसलं तर विष चढलं. सातही विहिरींत तोंडच दिसलं की माणूस सुटला. पण वैशाखात विहिरींना तळ दिसत होता, आणि तोंड दिसायला पाणी लागतं. सहा विहिरी शोधण्यात त्यांचे चार दिवस गेले. सातवी मीच सुचवली होती. आदल्या दिवशी खवा घेऊन जाताना त्याने विचारलं, मी म्हणालो, माझ्या विहिरीला दोन पुरुष पाणी आहे, घेऊन ये.

विहीर खोल होती. छबूचे पाय मी धरले, कंबर बापाने धरली. ती किंचाळत होती. बाप सारखं विचारत होता, "नीट बघ, कुत्रं हाय का?" शेवटी ती म्हणाली, न्हाई, मीच हाय. तो हसला. माझ्या पाया पडला. तिथून नगर चौदा मैल होतं. तो मागे वळला, मीही त्याला वळू दिलं.

दुसऱ्या दिवशी खवा पोचवताना त्याने नगरच्या हलवायाला ही गोष्ट आनंदाने सांगितली. हलवाई त्याच्यावर ओरडला. सरकारी दवाखान्यात पोटात सुया देतात, चौदा दिवस चौदा सुया, त्याला विहिरी चालत नाहीत, असं बजावलं. चावल्यापासून सहाव्या दिवशी छबूला पहिली सुई मिळाली. डॉक्टरांनी सांगितलं की उशीर झाला आहे, आता एकही दिवस चुकता कामा नये. आणि पाण्याला घाबरायला लागली तर समजा रोग लागला, मग सुईचा उपयोग नाही.

नगरात राहायला त्याचं कोणी नव्हतं. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशावर चालायची, आठवड्यातून दोनदा यायची आणि चढावर बंद पडायची. शेठ सायकल देत, पण खवा नेला तर. म्हणून मागे खवा, पुढच्या दांडीवर छबू. दांडीला त्याने घोंगडीचा तुकडा बांधला होता. येताना वारा पाठीशी असे, तेवढीच सूट. बाकी डोक्यावर ऊन. दहा दिवसांत त्याच्या पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या शिरा आल्या. सरकार म्हणून हाक मारणं बंद झालं. बोलण्यात जाणारा दम तो राखून ठेवत होता.

सुयांच्या अकराव्या दिवशी तो आला तेव्हा तोंड राखेसारखं होतं.

"पुंजाबा, काल सांजेपासनं हिनं पाणी घेतलं न्हाई."

माझ्या बायकोने, झुंबरबाईने, पितळी भरून छबूपुढे धरली. छबूने आत पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि ओरडून मागे सरकली. पितळी सांडली.

डॉक्टरांचे शब्द मला त्यानेच सांगितले होते.

त्याने डबा काढून माझ्या ओट्यावर ठेवला. छबूला दांडीवर बसवलं आणि सडक सोडून नगरकडच्या गाडीवाटेला लागला. गाडीवाटेने दोन मैल वाचतात. पण तिच्या दोन्ही बाजूंना बाभळी आहेत, सायकलवाला तिकडे जात नाही. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी हाका मारल्या. तो थांबला नाही.

तासाभराने तो परत आला, सायकल ढकलत. मागच्या चाकात चार काटे. हवा गेल्यावरही तो बसूनच हाणत राहिला होता, त्यामुळे ट्यूब फाटली आणि टायर कडेला चिरला. त्याने सायकल टाकली नाही, नुसती सोडली, आणि ती आपोआप पडली. मैलाच्या दगडावर बसून म्हणाला, "आता सुई कशाला? घरी नेऊ का, सांगा. आईजवळ तरी मरंल."

विहिरीवर तिचे पाय मीच धरले होते. मी चाक काढायला घेतलं. हाताला काम असलं की बरं असतं.

झुंबरबाईने छबूला आत नेलं. ती तिला काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मग छबूचं ऐकू आलं.

"मला बघायचं न्हाई. आज कुत्रं दिसलं तर?"

"कुठं दिसंल, बाई?"

"पाण्यात. दवाखान्यात एक म्हातारी म्हनली, आधी तोंड दिसतं, मागनं कुत्रं दिसतं."

गहिनीनाथ दगडावरून उठला नाही, फक्त मान वर केली.

झुंबरबाईकडे तेलाचा जुना मातीचा चंबू होता, अरुंद तोंडाचा. तो तिने राखेने घासला, विसळला, भरला. आत काय आहे ते दिसायची सोय नव्हती. छबूने आधी हात घातला, बोटं ओली झाली. मग तोंडाला लावला. गळ्याकडे गहिनीनाथ दारातून बघत होता. एक घोट गेला. दुसरा गेला. मग ती थांबेचना. चंबू रिकामा करून तिने आणखी मागितलं.

गहिनीनाथ दारातच खाली बसला आणि कपाळ उंबऱ्याला टेकवून रडला. मी त्याला फार वेळ रडू दिलं नाही. दवाखान्यात सुया बारापर्यंत देत. माझा पटका आणि एक गोणपाट फाडून टायरात ठासलं, वरून काथ्याने आवळलं. असल्या चाकावर दुप्पट जोर लागतो. खवा माझ्याकडेच राहिला. ते चौदा मैल त्याने साडेतीन तासांत काढले. बाराला दहा मिनिटं कमी असताना छबूच्या पोटात अकरावी सुई गेली.

उरलेल्या तीन सुयाही त्याच टायरावर झाल्या. तेवढ्याने सुटका झाली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. सहा महिने लक्ष ठेवा म्हणाले. सहा महिने तो बाप प्रत्येक घोट बघत होता. रात्री उठवून पाणी पाजायचा, असं त्याची बायको सांगे. कार्तिक उलटला, तेव्हा त्याने मला पुन्हा सरकार म्हटलं.

आंबलेल्या खव्याचे आणि टायरचे पैसे शेठने त्याच्या मजुरीतून कापले. लढाईच्या दिवसांत टायर परवान्यावर मिळे, नाहीतर चोरून, तिप्पट दराने. पावसाळाभर तो त्या टायरासाठीच पॅडल मारत होता. टायर फिटला त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण मजुरीत त्याने नगरच्या बाजारातून एक वस्तू घेतली आणि मला दाखवायला चौकीवर थांबला. पितळेचा चंबू होता, अरुंद तोंडाचा. छबू अजून उघड्या भांड्यातलं पाणी पीत नव्हती.