दाजींचं गाऱ्हाणं

मी त्या गावात राहायला गेले, त्याच्या पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडच्या आवाजाने मला जाग आली. "बा देवा म्हाराजा, तो भाऊशेठ आसा, तेच्या गुडघ्यात कळ येता, ती वायच कमी कर. तेच्या झिलाक खंय तरी नोकरी लाव. तेका बरी बुद्धी दी." झील म्हणजे मुलगा, हे मला नंतर कळलं. मी शिक्षिका. बदली होऊन सांगलीकडून मालवण तालुक्यात आले होते आणि दाजींच्या पडवीला लागून असलेली खोली भाड्याने घेतली होती. हा भाऊशेठ म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ असावा, असं धरून चहाच्या वेळी मी चौकशी केली. दाजी खो खो हसले.

"भाव खयचो, बाई? वैरी तो माजो! ग्रामसभेत आमी दोघा समोरासमोर इलाव काय लोक घराकडची कामा टाकून बघूक येतत."

भाऊशेठ म्हणजे त्या भागातला पुढारी. पंचायत समितीवर होता, चिऱ्यांची खाण होती, आणि गावात त्याच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. दाजी दोनदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेले, नंतर त्यानेच पाडलेले. ते काही शांत संतपुरुष वगैरे नव्हते. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की ग्रामसभेत माईक बंद पडला तरी कुणाचं अडत नसे. एकदा तर रागाच्या भरात त्यांनी भाऊशेठच्या दिशेने छत्री भिरकावली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या गुडघ्यांसाठी नेहमीपेक्षा जास्त वेळ देवाला आळवत होते. मी चिडवलं, तेव्हा म्हणाले, "बाई, जेच्यासाठी देवाकडे मागूक जमणा नाय, तेच्याशी भांडूचो आपल्याक हक्क नाय. मगे ता राजकारण नाय, निसती खाज."

मला हे सगळं भाबडं वाटायचं. माझा देवाधर्माशी फारसा संबंध नाही आणि पुढाऱ्यांशी तर मुळीच नाही. पण रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान दाजींच्या घराण्याकडे होता, म्हणून जत्रेला मी गेले. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. दाजी नारळ धरून मागत होते. मुंबईला गेलेल्यांसाठी मागितलं, दर्यात गेलेल्यांसाठी, लग्न न जमलेल्या मुलींसाठी, गुराढोरांसाठी मागितलं. दर वाक्याला देऊळ दणाणत होतं. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी गाव दुभंगलं होतं. गावामागे सडा आहे, म्हणजे कातळाचं मोकळं पठार. तिथे गावाची गुरं चरतात, आणि पावसाचं पाणी तिथे मुरतं म्हणून खालच्या वाडीतल्या विहिरी उन्हाळ्यात टिकतात. तो सडा एका हॉटेलवाल्या कंपनीला द्यायचा भाऊशेठचा बेत होता. दाजी विरोधात होतेच, पण खरा लढत होता तो खालच्या वाडीतला वसंता. साधा गवंडीकाम करणारा माणूस, पण ओरोसला जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत खेटे घालून त्याने ते प्रकरण अडवून धरलं होतं. त्यावरून सख्ख्या भावांची बोलणी तुटली. एका घरच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरच्या बायका जाईनाशा झाल्या.

त्या वर्षीच्या जत्रेत दाजींचं गाऱ्हाणं संपत आलं होतं. तेवढ्यात भाऊशेठ स्वतःचा नारळ घेऊन पुढे सरकला आणि दाजींनी श्वास घ्यायच्या आत, त्याच चालीत, त्याच सुरात पुढचं वाक्य बोलला. "आणि ह्या गावाच्या बऱ्याच्या आड जो कोण येयत, तेका तुजी ताकद दाखय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

लोकांनी विचार केला नव्हता. तोंडाला वळण पडलेलं, सूर आला की उत्तर निघायचं. मी परकी, मला ती सवय नव्हती, म्हणून मी गप्प राहिले, एवढंच. दाजी मात्र पांढरेफटक पडले होते. आणि माझ्यापासून चार हातांवर वसंता उभा होता. त्याचेही ओठ हलले होते. स्वतःवरच्या शापाला त्यानेही सगळ्यांबरोबर होकार भरला होता.

पुढे मासेमारीचा हंगाम संपता संपता वसंताचा मुलगा नितीन गेला. ट्रॉलरवर कामाला होता. वारा फिरला, बोट उलटली. बाकीचे पोहून आले, तो आला नाही. लग्न ठरलेलं होतं त्याचं. अशा वेळी गाव धावून जातं, पण यावेळी लोक वसंताच्या दारात आले ते दबकत आले आणि लवकर निघाले. कुणी उघड बोललं नाही, पण देवाने ताकद दाखवली, हे सगळ्यांच्या डोळ्यांत होतं. नंतरच्या ग्रामसभेत सड्याचा ठराव आला तेव्हा भराभर हात वर झाले. दाजी उठून ओरडले, "पोरगो वाऱ्यान गेलो! तेका देवान मारूक नाय! देवाच्या भियान हात वर करू नकात रे!" एकही हात खाली आला नाही. खालच्या वाडीतलेसुद्धा हात वर होते, ज्यांच्या विहिरी आटणार होत्या त्यांचे.

त्या दिवसांत पहाटे भिंतीपलीकडून भाऊशेठचं नाव यायला फार वेळ लागत असे. मी जागी राहून ऐकत असे. नाव यायचं, पण आवाज फाटलेला असायचा.

मग दाजींनी एकच ध्यास घेतला. जत्रेतलं ते वाक्य गावाने मागे घ्यायचं. ज्या तोंडांनी होकार दिला, त्याच तोंडांनी देवळात येऊन नको म्हणायचं. पायाला सूज असताना ते घरोघर फिरले. मी एक दिवस बरोबर होते. प्रत्येक ओटीवर एकच उत्तर. "दाजीनु, आमी खंय काय बोललाव? आमी फकत होय म्हटला."

परत येताना ते पायवाटेवर टेकले. "बाई, ता होयच मोठा. वायट बोलणारो एकटो असता. होय म्हणणारो गाव असता."

"दाजी, भाऊशेठने देवाची भीती घातली म्हणून पोलिसांत तक्रार तरी द्या," मी म्हणाले. मला रागच आला होता, सगळ्यांचा आणि त्यांच्या देवाचासुद्धा.

"दिलंय. वकिलाकडेय जाऊन इलंय. ता वेगळा. पण वसंता रातीचो झोपणा नाय, तेचा काय करतलो वकील?"

ठरल्या सोमवारी देवळात आलो आम्ही मोजकेच. दोन म्हाताऱ्या, पोस्टमन, मी आणि वसंता. यायचं कबूल केलेले बाकीचे आले नाहीत. बाहेर पाऊस लागला होता. दाजींनी नारळ उचलला आणि सुरुवात केली. देवा, ह्या गावाच्या तोंडून चुकीचा बोलणा गेला, ता पोटात घाल. "होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. हो, मीही म्हणाले. नितीनच्या जिवाक शांती दी. वसंताचा आवाज घोगरा झाला, पण आला. मग दाजी थांबले आणि म्हणाले, "आणि भाऊशेठ आसा, तेका बरी बुद्धी दी, तेच्या घरादाराचा बरा कर रे म्हाराजा."

आम्ही सगळे वसंताकडे बघत होतो, आणि बघायला नको होतं. त्याचं तोंड उघडलं. आवाज काही फुटला नाही. दोन्ही म्हाताऱ्या साथ द्यायला निघाल्या, तसा दाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बोलू नको, वसंता. मनात नाय तर बोलू नको. खोटो होकार ह्या देवळात एकदा झालो, तेवढो पुरे."

नारळ न फोडताच त्यांनी देवासमोर ठेवला. पायऱ्या उतरताना वसंताने विचारलं, "दाजीनु, मगे माका तेच्याशी भांडूचो हक्क नाय काय?" दाजींची ती उक्ती गावात सगळ्यांनाच ठाऊक होती. आयुष्यभर ज्या एका वाक्यावर दाजी उभे होते, ते त्या बापापुढे त्यांना उच्चारता आलं नाही. "माका ठावक नाय रे," ते म्हणाले. "मी ता माज्यासाठी ठरवलेला. माजो झील जिवंत आसा."

श्रावणात दाजी गेले. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. मुंबईहून मुलगा आला. तिरडीला पहिला खांदा भाऊशेठने दिला, कुणीतरी त्याचा फोटो काढला. स्मशानात तो शुद्ध मराठीत बोलला, "राजकारणाला अध्यात्माची बैठक देणारा आधारवड हरपला. त्यांच्या वाटेवरूनच आपण गाव पुढे नेऊ." लोकांनी माना डोलावल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. गणपती झाल्यावर सड्यावर तारेचं कुंपण पडलं आणि पुढच्या उन्हाळ्यात खालच्या वाडीला टँकर सुरू झाला.

माझी बदली झाली, त्याआधी मी वसंताकडे निरोप घ्यायला गेले. सड्यासाठी कोर्टात घातलेली केस तो अजून लढत होता, एकटाच. दाजींचा विषय निघाला.

"सोमवारी देवळात जातंय, बाई," तो म्हणाला. "दाजींचा गाऱ्हाणा अर्धा रवलेला, ता बोलतंय. होय म्हणूक कोण नसता, मीच म्हणतंय. भाऊशेठच्या नावापर्यंत जातंय."

"आणि मग?"

"मगे तोंड मिटता. थय उभो रवतंय. खोटा म्हणणंय नाय. मगे घराक येतंय."