दहिवलीचा कारतलबखान

सहदेव ठोंबरे यांनी उभे आयुष्य भूमापन खात्यात इतरांच्या जमिनी मोजण्यात घालवले. निवृत्तीनंतर मोजण्याजोगे काही हाती उरले नाही, तेव्हा ते इतिहासाकडे वळले. मावळ्यांनी जिथे कारतलबखानाला कोंडून शरण आणले आणि सामान ठेवून घेऊन सोडून दिले, ती खालापूर तालुक्यातील उंबरखिंड त्यांनी टेप लावून पुन्हा मोजली आणि दहिवलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर प्लायवूड, भुसा आणि सरस यांची तशीच खिंड उभी केली. तेव्हापासून त्यांच्या पत्नी आनंदीबाई पाने स्वयंपाकघरात जमिनीवर मांडू लागल्या.

बेत असा होता, की मातीचे सैनिक आणि फासे घेऊन, सहदेवरावांनी लिहिलेल्या नियमांनुसार, तिघा मित्रांनी ती लढाई पुन्हा लढावी. दुसरे मित्र योगेंद्र हे निवृत्त मुख्याध्यापक. तिसरा विठू, ज्याचे चौक गावात गॅरेज होते. लांबणीवर टाकण्याची सोय नव्हती. योगेंद्र आता मुलाकडे नाशिकला कायमचे राहायला जाणार होते. लहानपणापासूनच्या मित्राला निरोप द्यायचा तो एका विजयानेच, असे सहदेवरावांनी मनोमन ठरवले होते. मात्र ते कोणाला सांगणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

पहिली अडचण फौजेची आली. दिवाळीच्या किल्ल्यांवर मांडायची मातीची चित्रे विकणाऱ्या ठमीकडे मावळे मुबलक होते, शत्रू मात्र एकही नव्हता.

"खानाची माणसं कोन घेनार, काका?" ठमी म्हणाली. "पोरं पयल्याच दिवशी मुंडकी उडवतात. परवडत नाय."

अखेर मावळेच जास्त आणले. त्यांतील निम्म्यांवर विठूने गॅरेजमध्ये एका ठोकलेल्या मोटारीचा उरलेला चंदेरी रंग फवारला. खानाची फौज इतकी चकाकू लागली की आनंदीबाईंनी तिच्यात कुंकू लावताना आपला चेहरा पाहून घेतला.

दुसरी अडचण अधिक गंभीर निघाली. खान कोणी व्हायचे?

"मी नाय हां," विठू म्हणाला. "चौकात कळलं तर गिऱ्हाईक गाडी दुसरीकडं नेल रं बाबा."

"मी एवढी वर्षे शिवजयंतीला भाषणे केली आहेत," योगेंद्र म्हणाले. "जाता जाता खान होऊन जाऊ?"

"मग दोन्हीकडून मराठेच लढू," विठूने तोड काढली.

"ते रोजचेच आहे," स्वयंपाकघरातून आनंदीबाई म्हणाल्या.

सहदेवरावांनी घसा खाकरला. "खानाची बाजू मी घेतो." ते अशा स्वरात बोलले, जणू गावाची हद्दच जाहीर करीत होते.

रविवारी जेवणे उरकल्यावर युद्धाला तोंड लागले. निदान लागायला हवे होते. चंदेरी फौज घाट उतरून खिंडीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली.

"आत ये ना," योगेंद्र म्हणाले.

"मी आधी टेहळणी पाठवतो."

"इतिहासात खानाने टेहळणी केली नव्हती!"

"ती त्याची चूक. पुढची जमीन पाहिल्यावाचून मी आयुष्यात कुठे पाऊल टाकलेले नाही."

"अरे, तू नियम लिहिलेस ना?"

"टेहळणीला नियमांत मज्जाव नाही. मी तपासले आहे."

चहा झाला, पुन्हा चहा झाला. विठू दरडीवरून लोटायच्या धोंड्यांऐवजी आणलेले वाटाणे मुठीत धरून बसला होता. ते घामाने ओले झाले. "तुमी आत येताय की मी ह्यांची उसळ करायला देऊ?"

सहदेवरावांनी योगेंद्रांकडे पाहिले. डोंगराआडच्या मावळ्यांवर हात ठेवून हा माणूस शाळकरी उत्कंठेने वाकला होता. टेहळणी झाली तर मावळे दिसणार होते, खान सुखरूप परतणार होता, आणि योगेंद्र लढाईवाचूनच नाशिकला जाणार होते.

सहदेवरावांनी चष्मा सरळ केला. सगळी अक्कल बाजूला सारून, मान ताठ ठेवून, ते म्हणाले, "कूच!"

मग काय विचारता! वाटाण्यांचा मारा झाला, फासेही खानाला वैरी झाले, चंदेरी शिपाई भुशात लोळले. योगेंद्रांनी अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या हर्षलाने बाळाला झोपवता झोपवता खिडकी लावून घेतली.

"शरण," सहदेवराव उभे राहून म्हणाले.

"जीवदान दिले!" योगेंद्र गरजले. "सर्व सामान ठेवून निघून जावे!"

ते बोलून गेले खरे. पण समोर सहदेव ठोंबरे होते. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, घड्याळ ठेवले, चष्मा ठेवला, आणि ते अनवाणीच स्वतःच्या घराबाहेर पडले.

"अवो, घर तुमचंच हाय!" विठू ओरडला.

"पराभूत सैन्याला मुक्काम करता येत नाही," फाटकाबाहेरून उत्तर आले.

"येतील," आनंदीबाई योगेंद्रांना म्हणाल्या. "तुम्ही बसा. शिरा केलाय, जिंकणाऱ्यांसाठी."

सहदेवराव रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पायाखालचा डांबरी रस्ता तापला होता. चष्म्यावाचून दहिवली पुसट दिसत होती. कोणी स्कूटरवरून नमस्कार केला, त्यांनी अंदाजाने परत केला. आतून योगेंद्रांचे हसणे ऐकू येत होते. आपण कुठे आणि कसे लपलो होतो, हे योगेंद्र विठूला तिसऱ्यांदा सांगत होते.

उन्हे कलली तेव्हा योगेंद्र बाहेर आले. खानाने विजेत्यासाठी फाटक उघडून धरले.

"सहदेवा, तुला ठाऊक होते ना, आम्ही कुठे आहोत ते?"

"टेहळणी झाली नव्हती," सहदेवराव म्हणाले. "नाशिकला पोचलास की फोन कर. मोबाईल तोवर परत मिळालेला असेल."